थेंब जमतो, थेंब विरतो

सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, गीता नारळीकर यांच्या प्रयोगशाळेत, एचपी१-अल्फा या प्रथिनाचं नितळ द्रावण थंड केलं की गढूळ व्हायचं आणि ऊब मिळाली की पुन्हा नितळ. प्रथिनांवर काम करणाऱ्याला असा गढूळपणा नकोसा वाटतो. बहुतेक वेळा प्रथिन वाया गेल्याचं ते लक्षण असतं. पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर तिथे साका नव्हता, गोल द्रव थेंब होते. शिवाय हे घडत होतं ते प्रथिनाच्या एकाच रूपात, ज्याच्यावर फॉस्फेटचे गट चढवलेले होते त्या रूपात. २०१७ मध्ये हा शोध ‘नेचर’मध्ये आला.

पेशीत असे थेंब असतात हे तोवर माहीत झालं होतं. २००९ मध्ये ड्रेस्डेनला क्लिफर्ड ब्रँगविन आणि अँथनी हायमन यांनी सी. एलेगन्स या इवल्या कृमीच्या भ्रूणात ‘पी ग्रॅन्यूल’ नावाचे कण पाहिले. ते कण वाहत होते आणि आमटीवरच्या तुपाच्या थेंबांसारखे भेटले की एक होत होते. भोवती पडदा नाही, तरी वस्तू वेगळी राहते, हेच ते फेज सेपरेशन. या कामासाठी दोघांना २०२३चं ‘ब्रेकथ्रू’ पारितोषिक मिळालं. पण थेंब कधी जमायचा आणि कधी विरायचा, हे पेशी ठरवते कशी? मला हा प्रश्न थेंबांच्या शोधापेक्षाही मोठा वाटतो.

त्याच्या उत्तराचा मोठा भाग प्रथिनावर नंतर चढवलेल्या लहान लहान रासायनिक गटांत आहे. फॉस्फेट त्यातला सर्वांत परिचित. सेरीनसारख्या अमिनो आम्लावर तो बसला की त्या जागी ऋणभार येतो. तो चढवणारी विकरं म्हणजे काइनेज, उतरवणारी फॉस्फेटेज. माणसात काइनेज पाचशेहून जास्त आहेत. हा चढउतार उघड करणाऱ्या एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांना १९९२ मध्ये नोबेल मिळालं.

आता एचपी१-अल्फाकडे जरा जवळून पाहू. माणसाच्या एका पेशीतला सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए काही मायक्रोमीटरच्या केंद्रकात मावतो. त्यातला जो भाग गप्प ठेवायचा असतो तो दाट बांधलेला असतो; त्याला हेटरोक्रोमॅटिन म्हणतात. तिथल्या हिस्टोन एच३ या प्रथिनाच्या नवव्या लायसिनवर तीन मिथिल गट असतात. ती खूण ओळखून एचपी१-अल्फा तिथे बसतं. १९१ अमिनो आम्लांच्या या साखळीच्या सुरुवातीला एक सैल शेपटी आहे आणि तिच्यात ११ ते १४ या क्रमांकांवर चार सेरीन ओळीने आहेत. साखळीच्या मध्यावर धनभार असलेला लवचीक सांधा आहे. हे प्रथिन जोडीने वावरतं. सेरीन मोकळे असतील तर जोडी अंग आखडून बसते. त्यांच्यावर फॉस्फेट चढले की शेपटीचा ऋणभार शेजारच्या जोडीच्या सांध्याकडे ओढला जातो. जोडी उलगडते, दुसरीला धरते, दुसरी तिसरीला. अशी जाळी पुरेशी पसरली की थेंब वेगळा होतो. डीएनएवरही ऋणभारच असतो. तो भरपूर असेल तर फॉस्फेट नसतानाही थेंब जमतात. एचपी१-बीटा हे याचंच भावंड, पण त्याची शेपटी आणि सांधा दोन्ही वेगळे. त्याच परिस्थितीत त्याचे थेंब होत नाहीत.

जिवंत केंद्रकातही हेच घडतं का, यावर मात्र वाद आहे. २०२० मध्ये फाबियान एर्डेल, कार्स्टन रिपे आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या पेशींत दाखवलं की हेटरोक्रोमॅटिनचा आकार आणि दाटपणा एचपी१ वर अवलंबून नाही. ही हरकत रास्तच आहे. परीक्षानळीत प्रथिन एकटं असतं, केंद्रकात त्याच्याभोवती हजारो गोष्टींची दाटी असते. पण चार फॉस्फेटांनी प्रथिनाचा स्वभाव पालटतो, ही गोष्ट त्यामुळे खोटी ठरत नाही.

आणि हाच फॉस्फेट दुसरीकडे नेमकं उलटं काम करतो. पेशी विभागताना डीवायआरके३ हा काइनेज अनेक थेंब विरघळवतो. झुरिकच्या लुकास पेल्कमान्स यांच्या गटाने २०१८ मध्ये तो रोखून पाहिला, तर एरवी वेगवेगळे राहणारे घटक विभाजनाच्या वेळी एकमेकांत मिसळून बसले. ब्राऊन विद्यापीठातल्या निकोलस फॉझी यांच्या गटाने एफयूएस या प्रथिनाच्या शेपटीत बारा ठिकाणी फॉस्फेटची नक्कल करणारं, ऋणभार असलेलं अमिनो आम्ल घातलं. त्याचे थेंब आणि गुठळ्या दोन्ही कमी झाले. एचपी१-अल्फाच्या ऋणभाराला समोर धनभार सापडतो. एफयूएसच्या शेपट्या तशाच दुसऱ्या शेपट्यांना चिकटतात. सगळ्यांवर ऋणभार आला की त्या एकमेकींना दूर लोटतात. फॉस्फेट थेंब जमवतो की मोडतो, याचं एकच उत्तर म्हणूनच मिळत नाही.

एफयूएसमध्ये मिथिल गटाचंही महत्त्व तितकंच आहे. या प्रथिनातली आर्जिनीन आणि टायरोसीन एकमेकांना धरतात आणि त्यातून थेंब होतो. आर्जिनीनवर मिथिल चढला की त्याचा धनभार जात नाही, पण पकड सैलावते. मिथिल नसतील तर थेंब सहज जमतात.

ही पकड मेंदूत महागात पडते. एफयूएसच्या जनुकातल्या बिघाडांमुळे एएलएस होऊ शकतो, हे २००९ मध्ये कळलं. स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याचा हा आजार. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाच्या एका प्रकारातही मेंदूत एफयूएसच्या गुठळ्या सापडतात. वरवर दोन्ही आजारांतल्या गुठळ्या एकाच जातीच्या. डोरोथी डॉरमन आणि म्युनिकमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मिथिल ओळखणारी प्रतिपिंडं वापरली, तेव्हा एएलएसच्या गुठळ्यांत मिथिल असलेलं एफयूएस सापडलं, डिमेन्शियाच्या गुठळ्यांत नाही. २०१८ मध्ये केंब्रिजच्या पीटर सेंट जॉर्ज-हिस्लॉप यांच्या गटाने दाखवलं की मिथिल कमी झालेल्या एफयूएसचे थेंब घट्ट होत जेलीसारखे बनतात आणि चेतापेशीच्या टोकाशी नवी प्रथिनं तयार होण्यात अडथळा येतो. एफयूएसला केंद्रकात नेणारं ट्रान्सपोर्टिन हे प्रथिन त्यात मिसळलं, तेव्हा हा घट्टपणा कमी झाला.