हॅम रेडिओवर 'लो' ठेवायचं की 'हाय'? ट्रान्समिट पॉवर समजून घेऊया

तुमचा फोन एक काम गुपचूप करत असतो. टॉवर जवळ असेल तर तो हळू आवाजात 'बोलतो', लांब असेल तर जोर लावतो. फोरजी फोनची कमाल ट्रान्समिट पॉवर साधारण ०.२ वॉट असते आणि त्यातली किती वापरायची हे टॉवरच त्याला सांगत राहतो. म्हणून तर रेंज कमी असलेल्या गावात फोनची बॅटरी भराभर उतरते.

हॅम रेडिओच्या हँडसेटवर असा टॉवर नसतो. तिथे हा निर्णय तुमचा. बहुतेक हँडसेटमध्ये 'लो' म्हणजे साधारण १ वॉट आणि 'हाय' म्हणजे ५ वॉट असतात. मग सरळ हायवरच ठेवला तर काय बिघडलं? मलाही आधी असंच वाटायचं.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर आलं आणि वाहतूक कित्येक दिवस बंद पडली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. त्यानंतर मी हॅमची परीक्षा दिली, परवाना काढला. पुढच्या पावसाळ्याआधी आम्ही दोघा मित्रांनी सराव केला. तो कसबा बावड्यात गच्चीवर, मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या शेडमध्ये. सेट हायवर. अर्धा तास ओरडलो, पलीकडे नुसती खरखर. बॅटरी मात्र निम्मी संपली. शेवटी वैतागून ऑफिसच्या गच्चीवर गेलो आणि बॅटरी वाचवायला सेट लोवर टाकला. पहिल्याच हाकेला उत्तर आलं, "आता एकदम क्लिअर!"

असं का झालं? पत्र्याच्या शेडमध्ये लहरी अडकतात. शिवाय व्हीएचएफ-यूएचएफ लहरी बऱ्याच अंशी सरळ रेषेत जातात, त्यामुळे खरा खेळ उंचीचा असतो. रेडिओचं क्षितिज काढायचं सोपं गणित असं: अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला ४.१ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. हातातल्या सेटला (दीड मीटर) सुमारे ५ किलोमीटर, १२ मीटर उंच गच्चीवर सुमारे १४. दोन्ही बाजूंची अंतरं मिळवली की साधारण पल्ला कळतो. मध्ये इमारती किंवा टेकडी आली की तो घटतो.

आणि पॉवर? १ वॉटवरून ५ वॉटवर गेलात तर सिग्नल ७ डेसिबलने वाढतो. सिग्नल मोजायच्या एस-मीटरवर एक पायरी ६ डेसिबलची धरतात. म्हणजे पाचपट पॉवर देऊन मिळाली जेमतेम एक पायरी! माझा सेट हायवर साधारण दीड अँपिअर खातो, लोवर त्याच्या निम्म्याहून कमी. पुरात लाइट गेलेली असताना हा फरक म्हणजे काही तासांचं बोलणं.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे:

१. सुरुवात लोवर.
२. ऐकू जात नसेल तर आधी जागा बदला: खिडकी, मोकळी जागा, गच्ची. अँटेना उभी धरा.
३. तरीही जमत नसेल तरच हाय. काम झालं की परत लो.
४. अँटेना न लावता बोलायचं बटण कधीच दाबू नका. पॉवर बाहेर न पडता उलटी फिरते आणि सेटचा आउटपुट भाग जळू शकतो.

गरजेपुरतीच पॉवर वापरावी, हा आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांतलाही नियम आहे. विनाकारण हाय ठेवलं तर त्याच फ्रिक्वेन्सीवर लांब बोलणाऱ्यांना अडथळा होतो.

आणि हो, परवान्याशिवाय सेट घेऊ नका, वापरूही नका. परीक्षा अवघड नाही. वयाची बारा वर्षं पूर्ण असली की देता येते.

पाणी चढेल तेव्हा फोन कदाचित 'नो सर्व्हिस' दाखवेल. त्या दिवशी हातात भरलेली बॅटरी हवी असेल, तर लोवर बोलायची सवय आजच लावून घ्या.