दारात बोट चेंगरले, तर?

महाड तालुक्यातील बिरवाडी हे काळ नदीकाठचे गाव. एकीकडे भातशेती, दुसरीकडे महाडची औद्योगिक वसाहत. जेथे हातांना काम, तेथे बोटांना धोका आलाच. गडगा रचताना दगड निसटतो, ट्रकचा फाळका आपटतो, यंत्राच्या दोन रुळांमध्ये बोट सापडते. शाळकरी मुलांच्या बोटांना मात्र सर्वांत जवळचा धोका घरातच असतो. तो म्हणजे दरवाजा!

दरवाजा ही एक तरफ आहे. बिजागरी हा तिचा टेकू. समजा, बिजागरीपासून ८० सेंटिमीटरवर आपण दार ढकलले आणि बोट बिजागरीपासून ४ सेंटिमीटरवर फटीत होते. तरफेच्या नियमानुसार बोटावर २० पट बल पडेल. म्हणजे ५ किलोग्रॅम वजनाएवढ्या साध्या ढकलण्याने बोटावर १०० किलोग्रॅम वजनाएवढा भार येईल. म्हणूनच बिजागरीच्या बाजूला चेंगरलेले बोट कधीही क्षुल्लक मानू नये.

बोट ठणकते का?

बोटाच्या टोकाशी वर कठीण नख आणि खाली हाड असते. या दोहोंमध्ये नखाचा मऊ गादा असतो. त्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंची टोके दाटीने बसलेली असतात. मार बसला की बारीक रक्तवाहिन्या फुटतात. रक्त बाहेर पडू पाहते, पण त्याला वाट नसते. ते नखाखाली साकळते, नख काळे-निळे दिसू लागते आणि आतला दाब वाढतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर रक्ताचा नवा लोट येतो आणि दाबलेल्या मज्जातंतूंना डिवचतो. बोट नाडीच्या तालावर ठणकते ते यामुळे. हात छातीपेक्षा उंच धरला की बोटाकडे येणाऱ्या रक्ताचा दाब थोडा घटतो आणि ठणका कमी होतो.

प्रथम काय करावे?

बोटात अंगठी असेल तर ती आधी काढावी. सूज चढल्यावर ती निघत नाही आणि बोटाला फास बसतो. जखम असेल तर ती स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवावी. रक्त येत असल्यास स्वच्छ कापडाने १० मिनिटे सलग दाबून धरावे. मधूनमधून उघडून पाहू नये. बोटाच्या मुळाशी दोरी आवळून बांधू नये. हात उंच ठेवावा. बर्फ कापडात गुंडाळून १० ते १५ मिनिटे लावावा, थेट कातडीवर ठेवू नये. जखमेत हळद, चुना, माती किंवा यंत्राचे तेल भरू नये. त्याने जखम मळते आणि डॉक्टरांना ती नीट दिसतही नाही. तापलेल्या सुईने नखाला भोक पाडण्याचा उद्योग घरी करू नये. डॉक्टर असे भोक पाडतात आणि साकळलेले रक्त बाहेर येताच रुग्णाला आराम पडतो, हे खरे. पण खालचे हाड मोडलेले असेल, तर घरच्या सुईने जंतूंना थेट हाडापर्यंत वाट मिळते.

बोटाला विचारायचे चार प्रश्न

मुलगा किती रडतो किंवा रक्त किती गेले, यावरून इजा ओळखता येत नाही. नखाखाली साकळलेले थोडेसे रक्त भयंकर दुखते. उलट मज्जातंतू तुटलेले बोट फारसे दुखणारही नाही. म्हणून बोटालाच चार प्रश्न विचारावेत.

१. रंग कसा आहे? निरोगी बोटाचे नख दाबून सोडा. पांढरे पडलेले नख सुमारे २ सेकंदांत पुन्हा गुलाबी होते. मार लागलेले बोट पांढरे, निळे किंवा थंड राहिले, तर रक्तपुरवठा अडला असावा. नख काळे पडले असेल, तर रंग बोटाच्या पेरावर पाहावा.

२. स्पर्श कळतो का? बोटाच्या दोन्ही कडांनी मज्जातंतू जातात. म्हणून दोन्ही कडांना कापसाने स्पर्श करून पाहावा.

३. प्रत्येक सांधा वाकतो आणि सरळ होतो का? बोट वाकवणारे मोठे स्नायू बोटात नसून कोपराखालच्या हातात असतात. लांब दोऱ्यांसारखे स्नायुरज्जू बोट ओढतात. टोक खाली लोंबू लागले, तर रज्जू तुटला असण्याचा संभव असतो.

४. आकार सरळ आहे का? बोट वाकडे दिसते का, जखम खोल आहे का, नख मुळाशी उखडले आहे का?

यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर वाईट आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. रक्त थांबत नसेल, निम्म्याहून अधिक नख काळे पडून असह्य ठणकत असेल किंवा बोट यंत्रात सापडले असेल, तरीही थांबू नये. पुढच्या दिवसांत सूज व लाली वाढली, पू आला किंवा ताप चढला, तर तो जंतुसंसर्ग समजावा.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत एक खास सावधगिरी हवी. वाढत्या वयात बोटाच्या शेवटच्या हाडात नखाच्या मुळाजवळच वाढीचा कूर्चाथर असतो. तेथे हाड मोडले की वरून फक्त नखाच्या मुळाशी थोडे रक्त दिसते. ‘नख हलले, एवढेच’ म्हणून पट्टी बांधली, तर हाडात जंतू शिरू शकतात आणि बोटाची वाढ खुंटू शकते. क्ष-किरण चित्र काढल्यावाचून हे कळत नाही.

तुटलेला तुकडाही जपावा

जपानमध्ये कोमात्सु आणि तामाई या शल्यविशारदांनी १९६५ साली पूर्ण तुटलेला अंगठा सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या शिवून पुन्हा जोडला. चिरडलेला भाग जोडणे अवघड असते, तरी तो निर्णय शल्यविशारदांवर सोपवावा. तुकडा ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करावा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बर्फ तुकड्याला थेट लागला, तर पेशी गोठून मरतात.

धनुर्वाताचे जंतू माती व शेणात असतात. जखम मळकी असेल आणि लस घेऊन ५ वर्षे उलटली असतील, तर पुन्हा लस घ्यावी. स्वच्छ लहान जखमेसाठी ही मर्यादा १० वर्षांची आहे.

पोलादपूरच्या डोंगरातील वाडीवरून पावसाळ्यात दवाखाना गाठणे सोपे नसते, हे खरे. म्हणूनच कोणते बोट घरी बरे होईल आणि कोणत्यासाठी वाट तुडवायलाच हवी, हे कळले पाहिजे. चारही उत्तरे ठीक असतील, तर काळ्या नखाला घाबरू नये. नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते. काळा डाग हळूहळू पुढे सरकतो आणि सुमारे सहा महिन्यांत नवे नख येते. शिक्षकांनी हे चार प्रश्न वर्गात एकमेकांच्या निरोगी बोटांवर करवून घ्यावेत. निरोगी बोट कसे असते हे ज्याने पाहिले आहे, त्यालाच दुखावलेले बोट ओळखता येते.