शिकारीच्या सहलींनी रानडुकरं कमी होतात का?

रानडुकरांचा उपद्रव वाढला की पहिला उपाय सुचतो तो शिकारीचा. हौशी शिकारी पैसे देऊन येतील, डुकरं कमी होतील, गावालाही चार पैसे मिळतील. हिशोब सरळ वाटतो ना? अमेरिकेत तो उलटा कसा पडला, हे आज आपण बघू.

अमेरिकेत रानडुक्कर मूळचं नाहीच. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी पाळीव डुकरं आणली, त्यातली काही मोकाट झाली. युरोपातलं रानडुक्कर मात्र मुद्दाम शिकारीसाठी आणलं गेलं. १९१२ साली जॉर्ज गॉर्डन मूर याने नॉर्थ कॅरोलिनातल्या हूपर बॉल्ड डोंगरावर, पाहुण्यांच्या शिकारीसाठी राखलेल्या कुंपणात ती सोडली. काही वर्षांत ती कुंपणाबाहेर पडली आणि शेजारच्या टेनेसीतही पोचली.

१९९९ मध्ये टेनेसीने डुकरं आटोक्यात आणायला राज्यभर शिकार खुली केली. झालं भलतंच. मोजक्या जिल्ह्यांत असलेली डुकरं दूरदूरच्या जिल्ह्यांत दिसू लागली. चालत गेली म्हणावं, तर मधला मुलूख रिकामा! शिकार घराजवळ मिळावी म्हणून लोकांनीच ती गाडीत घालून नेली आणि रानात सोडली. शेवटी २०११ मध्ये राज्याने हौशी शिकार बंद केली. कॅन्ससने ती २००६ मध्येच बंद केली होती.

दुसरं कारण डुकराच्या वाढीत आहे. मादी वर्षाची व्हायच्या आतच विऊ शकते आणि एका वेताला चार-सहा पिल्लं सहज होतात. संख्या नुसती आहे तिथे राखायची, तरी दरवर्षी सुमारे दोन तृतीयांश डुकरं काढावी लागतात, असा टेक्सासमधला अंदाज आहे. सहलीचा शिकारी एक-दोन टिपतो, उरलेला कळप उधळतो आणि दुसऱ्याच्या शिवारात शिरतो. म्हणून जाणकार मोठा सापळा लावतात. रोज मका टाकायचा, अख्खा कळप आत यायला लागेपर्यंत थांबायचं, मगच दार पाडायचं.

आपल्या कोकणात रानडुक्कर मूळचंच आहे आणि इथे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे, त्यामुळे अमेरिकेचं उत्तर जसंच्या तसं उचलता येणार नाही. पण एक गोष्ट आपण लक्षात ठेवू. शेतकऱ्याला डुक्कर नको असतं, सहल काढणाऱ्याला ते पुढच्या वर्षीही हवं असतं. दोघांच्या हातात बंदूक असली, तरी दोघांचं काम एक नाही.