सरपंच गेले, नगरसेवक कुठे?

आमच्या मुळशी तालुक्यातील सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक ही गावे ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत समाविष्ट झाली. ग्रामपंचायती गेल्या, दप्तरे महापालिकेकडे आली. पुढे मार्च २०२२ मध्ये महापालिकेचीच मुदत संपली आणि प्रशासक आले, ते तीन वर्षांहून अधिक काळ राहिले. म्हणजे नळ कोरडा पडला तर जाब विचारायला ना सरपंच, ना नगरसेवक! शेजारच्या हिंजवडीत ग्रामपंचायत टिकली. पण तेथील उद्योगवसाहतीतले रस्ते औद्योगिक विकास महामंडळाकडे. तरीही मला ग्रामसभा मोलाची वाटते. कायद्याने गावचा प्रत्येक मतदार तिचा सभासद असतो आणि उठून कारभाऱ्यांना तोंडावर प्रश्न विचारू शकतो. महापालिकेच्या सभेत तो फार तर प्रेक्षक.