रेल्वेच्या तारेतून वीज वाहते, मग तिला धरणाऱ्या चिनी मातीतून का नाही? उत्तर आहे आवर्तसारणीत

नाशिक रोड स्टेशनवर गाडीची वाट बघत असाल, तर एकदा मान वर करून बघा. रुळांच्या वर साधारण साडेपाच मीटरवर तांब्याची तार दिसेल. तिच्यात २५,००० व्होल्ट असतात, म्हणजे घरातल्या सॉकेटच्या शंभरपटीहून जास्त.

ही तार लोखंडी खांबांच्याच आधाराने टांगलेली असते. मधे असतात ते चिनी मातीचे तपकिरी इन्सुलेटर. तरीही वीज खांबात उतरत नाही. असं का?

याचं उत्तर दहावीत पाठ करून आपण विसरलेल्या तक्त्यात आहे.

संयुजा इलेक्ट्रॉन म्हणजे काय?

अणूच्या मध्यभागी केंद्रक असतं आणि त्याभोवती कवचांमध्ये इलेक्ट्रॉन. सगळ्यात बाहेरच्या कवचातले ते संयुजा इलेक्ट्रॉन. आतले इलेक्ट्रॉन केंद्रकाने घट्ट धरून ठेवलेले असतात. दुसऱ्या अणूशी देवाणघेवाण करतात ते हे बाहेरचे.

बहुतेक अणूंची धडपड बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन व्हावेत यासाठी असते. कोणी देतो, कोणी घेतो, कोणी वाटून घेतो.

तक्ता बघून आकडा कसा ओळखायचा?

आवर्तसारणीतल्या १८ उभ्या स्तंभांना गण म्हणतात. पहिल्या गणात १ संयुजा इलेक्ट्रॉन, दुसऱ्यात २. गण १३ ते १८ मध्ये गणाच्या आकड्यातून १० वजा करा. ऑक्सिजन गण १६ मध्ये, म्हणजे ६. क्लोरीन गण १७ मध्ये, म्हणजे ७. अपवाद हेलियमचा: तो गण १८ मध्ये असला तरी त्याच्याकडे दोनच इलेक्ट्रॉन आहेत. मधल्या गण ३ ते १२ मधल्या धातूंना मात्र हे सोपं गणित लागू होत नाही.

गंमत म्हणजे मेंडेलीव्हने १८६९ साली आपली सारणी मांडली तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोधच लागलेला नव्हता. तो लागला १८९७ साली. सारख्या गुणधर्मांची मूलद्रव्यं एका गटात का येतात, याचं कारण नंतर कळलं: त्यांच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची रचना सारखी असते.

तांब्यातून वीज का जाते?

तांबं गण ११ मध्ये आहे. त्याच्या सगळ्यात बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन असतो आणि त्याच्यावरची पकड सैल असते. तारेत हे इलेक्ट्रॉन कुठल्याही एका अणूचे राहत नाहीत, धातूभर मोकळे फिरतात. एका घन सेंटिमीटर तांब्यात असे मोकळे इलेक्ट्रॉन किती? ८५ वर २१ शून्यं, इतके.

तांब्याच्या खाली त्याच गणात चांदी आणि सोनं आहे. विजेचे सर्वात चांगले तीन वाहक धातू हेच: चांदी, तांबं, सोनं. तिघंही एकाच गणातले!

मग चिनी माती का अडवते?

चिनी मातीत मुख्यतः सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन असतो. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यातून वीज जाते, मग इथे का नाही? कारण ऑक्सिजनला आठ पूर्ण करायला दोन इलेक्ट्रॉन कमी पडतात. तो अ‍ॅल्युमिनियम आणि सिलिकॉनचे बाहेरचे इलेक्ट्रॉन बंधांमध्ये अडकवून टाकतो. मोकळं कोणीच उरत नाही, म्हणून वीजही वाहत नाही.

हवेचंही तसंच. नायट्रोजनकडे ५ संयुजा इलेक्ट्रॉन असतात. दोन अणू प्रत्येकी तीन इलेक्ट्रॉन भागीदारीत टाकतात आणि दोघांचे आठ पूर्ण होतात. म्हणून प्लॅटफॉर्मवर उभे असलेले आपण सुरक्षित असतो.

पण या भागीदारीलाही मर्यादा आहे. अंतर फार कमी झालं, तर विजेचा ताण हवेतल्या रेणूंचे इलेक्ट्रॉन उपटून काढतो. एक सुटलेला इलेक्ट्रॉन आणखी काहींना सोडवतो आणि क्षणात ठिणगी उडते. म्हणजेच शॉक बसायला तारेला हात लागायलाच हवा असं नाही.

माणसाचं शरीर कुठे बसतं?

शरीरातलं पाणी खारट असतं. त्यातल्या सोडियमने (गण १) आपला एकुलता इलेक्ट्रॉन दिलेला असतो, तर क्लोरीनने (गण १७) एक इलेक्ट्रॉन घेतलेला असतो. हे प्रभारित कण, म्हणजे आयन, पाण्यात मोकळे फिरतात आणि वीज वाहून नेतात. कोरडी त्वचा थोडा विरोध करते, पण २५,००० व्होल्टपुढे तिचा टिकाव लागत नाही.

उभ्या मालगाडीच्या छतावर सेल्फीसाठी चढलेल्या माणसाचं डोकं जवळपास तारेच्या उंचीला पोहोचतं. गाडी थांबलेली असली तरी तारेतली वीज चालूच असते. रेल्वेचा नियम आहे की चालू तारेच्या २ मीटरच्या आत जायचं नाही.

थोडक्यात काय, तर तांबं, चिनी माती, हवा आणि माणूस यांच्यातला फरक बाहेरचे इलेक्ट्रॉन मोकळे आहेत, अडकलेले आहेत की देऊन-घेऊन आयन झालेत, यावर ठरतो. छतावर चढू पाहणारा एखादा मित्र असेल, तर त्याला हे जरूर सांगा.