कार्टची पारख पॅकिंगच्या टेबलावर
ऑनलाइन दुकान : लेखांक ६

मालाचे फोटो आणि वर्णन यांचा विचार मागच्या लेखांकात झाला. आता माल टोपलीत पडल्यापासून पैसे जमा होईपर्यंतचे काम ज्या सॉफ्टवेअरकडे असते, त्या शॉपिंग कार्टची निवड करायची आहे. बहुतेक नवे दुकानदार ती दर्शनी भागावरून करतात. कोणाची थीम देखणी, कोणाचे महिन्याचे भाडे कमी, कोणाकडे सोयी जास्त, असा तक्ता मांडायचा आणि ज्याच्या रकान्यात खुणा अधिक तो घ्यायचा. या लेखात उलट्या टोकाकडून यायचे आहे. ऑर्डरचा शेवट पॅकिंगच्या टेबलावर होतो. तिथे चार गोष्टी लागतात : खोक्याचा बरोबर वसूल झालेला कुरिअर खर्च, पोहोचेल असा पत्ता, कायद्यात बसणारे बिल आणि हातात पडणारी खरी रक्कम. या चारही गोष्टी दुकानदाराला पुन्हा कॅल्क्युलेटर हातात घ्यायला न लावता जी काढून देते, ती कार्ट आपल्या कामाची. उदाहरणाला घरगुती फराळाचे छोटे दुकान घेऊ, कारण त्यात या चारही गोष्टींची परीक्षा होते.

कोणतीही कार्ट सगळ्या मालासाठी सारखी नसते, आणि याचे मूळ तिच्या जन्मातच असते. टोबियास ल्युटके यांनी २००४ मध्ये कॅनडात ‘स्नोडेव्हिल’ नावाने स्नोबोर्ड विकायला घेतले. तेव्हा मिळणारी कार्ट सॉफ्टवेअरे त्यांना पटेनात, म्हणून त्यांनी स्वतःची लिहिली. त्यातूनच २००६ मध्ये शॉपिफाय उभी राहिली. वूकॉमर्स २०११ मध्ये आली ती वर्डप्रेसच्या थीम विकणाऱ्या वूथीम्स कंपनीकडून. दोन्ही आज हरतऱ्हेचा माल विकतात, पण स्नोबोर्ड विकणाऱ्याला किंवा थीम विकणाऱ्याला पातळ पोह्यांच्या चिवड्याने किती जागा अडते याची फिकीर करण्याचे कारण नव्हते. फराळवाल्याला ती रोज करावी लागते.

ही अडचण आकड्यांत पाहू. बऱ्याच कुरिअर कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकाराला ५००० ने भागतात. येणारे ते व्हॉल्यूमेट्रिक वजन. ते आणि काट्यावरचे वजन यांत जे जास्त, त्यावर आकार लागतो, तोही बहुधा अर्ध्या किलोच्या टप्प्याने. एक किलो चिवडा चुरा न होता पोहोचवायचा तर ३० बाय २५ बाय १५ चे खोके धरा. हिशेब येतो २.२५ किलो, म्हणजे अडीच किलोचा आकार. एक किलो बेसन लाडू २० बाय २० बाय १० च्या खोक्यात बसतात. तिथे भागाकार येतो ०.८, पण खोक्यासकट काट्यावरचे वजन सव्वा किलोच्या आत-बाहेर भरते, म्हणून आकार दीड किलोचा. ग्राहकाच्या लेखी दोन्ही एकेक किलो. कुरिअरच्या लेखी एक पाच टप्पे, दुसरे तीन. आता कार्टकडे बघा. शॉपिफायमध्ये स्वतः ठरवायचे कुरिअर दर वजनावर किंवा ऑर्डरच्या रकमेवर लावता येतात, आकारमानावर नाही. वूकॉमर्समध्ये मालाची मापे नोंदवायला जागा आहे, पण मूळ सॉफ्टवेअरचा ठरावीक दर ती मापेही वापरत नाही आणि वजनही वापरत नाही. तिथली वाट म्हणजे चिवडा, शेव, चकली यांचा ‘जागा खाणारा माल’ असा वेगळा शिपिंग वर्ग करायचा आणि त्याला जादा दर लावायचा. ही वाट चालू शकते. पण ती हवी आहे हे ज्याने टेबलावर खोके मोजले त्यालाच कळते. सोयींच्या तक्त्यात ‘शिपिंग : आहे’ एवढेच लिहिलेले असते.

बिलाचेही तसेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले आणि पॅकबंद चिवडा-शेवेवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. दिवाळी महिन्याभरावर होती. ११२ रुपयांत करासकट विकले जाणारे पाकीट आता १०५ ला द्यायचे होते. वेबसाइटवरची किंमत कर धरून लिहिलेली असेल, तर नुसता कराचा दर बदलून ती उतरत नाही. छापील किंमत ११२ च राहते आणि सात रुपये ग्राहकाचे जातात. चाळीस पदार्थ, प्रत्येकाची तीन वजने, म्हणजे एकशेवीस किमती. त्या एका फाइलमध्ये उतरवून, बदलून परत चढवता येतात की एकेक पान उघडावे लागते, या प्रश्नाचे उत्तर त्या आठवड्यात रात्रीच्या झोपेइतके महत्त्वाचे होते. त्यात राज्यातल्या ग्राहकाच्या बिलावर सीजीएसटी आणि एसजीएसटी, तर इंदूरच्या किंवा बेळगावच्या ग्राहकाच्या बिलावर आयजीएसटी. हे वेगळे करणे कार्टने पत्ता पाहून आपोआप केले पाहिजे.

पत्त्याच्या रकान्यातही पैसे बुडतात. न्यू जर्सीतला मुलगा ठाण्यातल्या आईवडिलांना फराळ पाठवतो. पैसे देणारा तो, माल घेणारे ते. कार्टने फोन नंबर एकदाच विचारला तर खोक्यावर पत्ता ठाण्याचा आणि नंबर अमेरिकेचा छापला जातो. कुरिअरवाला इमारतीखाली उभा राहून तो फिरवतो आणि परत जातो. कॅश ऑन डिलिव्हरीत धोका याहून मोठा. ग्राहकाने खोके नाकारले की ते परत येते. कुरिअरच्या भाषेत आरटीओ, आणि गाड्यांच्या आरटीओइतकाच तोही खिशाला जड. जाण्याचा खर्च दुकानदाराचा, येण्याचाही त्याचाच, आणि दहा दिवस फिरून आलेला लाडू पुन्हा विकण्याच्या लायकीचा उरत नाही. म्हणून ठरावीक पिनकोडना ही सोय बंद ठेवता येते का, हे पाहावे. वूकॉमर्समध्ये पिनकोडनिहाय शिपिंग विभाग करून ते जमते. शॉपिफायमध्ये त्यासाठी सहसा वेगळे ॲप घ्यावे लागते.

यावर पहिला आक्षेप असा की खोके नंतर. ग्राहक आधी दुकान बघतो, दर्शनी भाग बेताचा असेल तर ऑर्डरच येणार नाही. फोटो धूसर आणि मजकूर गचाळ असेल तर हे खरेच आहे. पण टोपली भरून ग्राहक का परततो याचा अभ्यास वेगळेच सांगतो. डेन्मार्कच्या बेमार्ड संस्थेने अनेक पाहण्यांची सरासरी काढली तेव्हा सुमारे ७० टक्के टोपल्या अर्धवट सोडल्या जातात असे दिसले. नुसते बघायला आलेले वगळले तर सर्वांत मोठे कारण होते शेवटी वाढणारा खर्च : शिपिंग, कर, शुल्क. म्हणजे खोक्याचा हिशेब शेवटच्या पानावर अचानक उगवला की ग्राहक देखण्या दुकानातूनही निघून जातो. तो हिशेब आधीपासून बरोबर असणे हाही दर्शनी भागच आहे.

दुसरा आक्षेप : उणे असेल ते प्लगिनने भरून काढता येते, आणि मूळ सॉफ्टवेअर फुकट असताना एवढा काथ्याकूट कशाला? प्लगिन मिळतात हे खरे. पण प्रत्येकाला वर्षाची किंवा महिन्याची फी असते, आणि मूळ सॉफ्टवेअर अद्ययावत केले की त्यातले एखादे अडते. फुकट सॉफ्टवेअरची निगा राखली नाही तर काय होते ते मॅजेंटोने दाखवले. २००८ च्या मॅजेंटोच्या पहिल्या मालिकेची देखभाल ३० जून २०२० ला थांबली, आणि त्याच सप्टेंबरात एका शनिवार-रविवारी त्यावरची सुमारे दोन हजार दुकाने फोडली गेली. भाड्याच्या कार्टचा खर्चही पाटीवरच्या रकमेत संपत नाही. शॉपिफायची स्वतःची पेमेंट सेवा भारतात नाही, त्यामुळे बाहेरचा गेटवे जोडावा लागतो आणि बेसिक योजनेत दर विक्रीवर कंपनी २ टक्के वेगळे घेते. गेटवेचा प्रचलित दर २ टक्के, वर त्या रकमेवर १८ टक्के जीएसटी. ८०० रुपयांच्या ऑर्डरमधून गेटवेला १८ रुपये ८८ पैसे आणि कार्टला १६ रुपये, मिळून जवळजवळ ३५ रुपये गेले. महिन्याला १५० ऑर्डरी असतील तर कार्टचे हे टक्केच २,४०० रुपये होतात. वर्डप्रेस सांभाळणारा ओळखीचा माणूस तेवढ्यात मिळत असेल तर वूकॉमर्स स्वस्त. नसेल तर हे २,४०० रुपये निश्चिंतीची किंमत समजावी.

तिसरा आक्षेप मात्र मान्य करावा. आठवड्याला आठ-दहा ऑर्डरी असतील, तर व्हॉट्सॲपवर यादी आणि यूपीआयचा क्यूआर एवढे पुरते; तिथे कार्ट म्हणजे ओझे. वही आवरेनाशी झाली की मगच निवडीला बसावे, आणि तेव्हा ती वहीच सर्वांत चांगली परीक्षक ठरते. तिच्यातून अडलेल्या पाच ऑर्डरी काढाव्यात : चिवडा-लाडूचे मिश्र खोके, परराज्यातले बिल, परत आलेली कॅश ऑन डिलिव्हरी, परदेशातून इथल्या आईवडिलांसाठी आलेली मागणी, आणि एकाच गिऱ्हाइकाने पाच पत्त्यांवर पाठवायला सांगितलेली भेट. शॉपिफायच्या चाचणी मुदतीत आणि वूकॉमर्सच्या प्रायोगिक साइटवर त्या एकेक करून भरून बघाव्यात. पाचवी दोन्हीकडे अडेल, कारण मूळ रूपात एका ऑर्डरला डिलिव्हरीचा एकच पत्ता घेतला जातो. पण बाकीच्या चारांत कुठे आणि किती वेळा कॅल्क्युलेटर उचलावा लागला, ते मोजले की निवड झाली. गेटवेच्या टक्क्यांत कुठे घासाघीस करता येते, ते पुढच्या लेखांकात.