बुरुजांचा खेळ

क्योटो येथील क्यू-गेम्स या मंडळीचा 'पिक्सेलजंक मॉन्स्टर्स' हा खेळ २००९ सालीं 'प्लेस्टेशन पोर्टेबल' या हातांत मावणाऱ्या यंत्रावर आला. घरांतील मुलांकडून तो आम्हीं समजून घेतला. झोंपडींत २० बालकें. राक्षसांच्या टोळ्या चालून येतात. राखणदारानें झाडांच्या जागीं बुरूज उभारून त्यांस अडवावयाचें. मेलेल्या राक्षसाचीं नाणीं वेंचावीं, तेव्हां पुढचा बुरूज. एक राक्षस निसटला कीं एक बालक गेलें! हातचें राखून खर्च करण्याची ही संवय आम्हांस पसंत पडली. (डोळ्यांस होणारा ताप निराळा.)

परंतु पायीं येणाऱ्या या राक्षसांची वाट ठरलेली असते. १६६० सालीं शाएस्तेखानानें पुण्याच्या उत्तरेस चाकणच्या संग्रामदुर्गास वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्यानें थोड्या शिबंदीनिशीं तो भुईकोट सुमारें दोन महिने झुंजविला. अखेर मोंगलांनीं भुयार खणून, सुरुंग लावून बुरूजच उडविला!

"शत्रु जमिनीखालून आला तर?" असें आम्हीं मुलांस विचारलें. तीं क्षणभर गप्प राहिलीं. मग यंत्र बाजूस ठेवून, चाकणची उरलेली तटबंदी पाहावयास केव्हां न्याल, म्हणून त्यांनीं आमची पाठ धरली आहे.